डाव्या हाताची नोंद

हिंगोली,
५ नोव्हेंबर २०२४

चि. राणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एक कोडे घालते. एखादा प्रोग्राम आपण कॉम्प्युटरवरून काढून टाकतो. पडद्यावर त्याचे चित्रही उरत नाही. वर्षभराने तोच पुन्हा बसवला, तर तो आपले नाव, आपली भाषा, शेवटी उघडलेला फोल्डर, सारे ओळखून समोर उभा राहतो. तूही हे पाहिले असशील. ज्याला घालवून दिले, त्याला आठवण राहिली कुठून?

उत्तर असे, की आठवण त्याची नसतेच. विंडोज स्वतःजवळ एक मोठी नोंदवही ठेवते. तिला रजिस्ट्री म्हणतात. तिच्यात कप्पे, कप्प्यांत उपकप्पे, आणि प्रत्येक उपकप्प्यात काही नोंदी असतात. नोंदीला एक नाव असते आणि एक मूल्य. प्रोग्राम काढताना त्याच्या फाइली जातात, पण नोंदी बहुधा तशाच पडून राहतात. पुढच्या वेळी आलेला इन्स्टॉलर, म्हणजे प्रोग्राम बसवून देणारी फाइल, त्या वाचतो आणि आपल्याला वाटते, याने ओळखले.

शेळी-मेंढी पालक संघासाठी २०१६ साली मी जो प्रोग्राम लिहिला, त्यानेही अशीच एक नोंद ठेवली आहे: जनावरांची माहिती कोणत्या फोल्डरमध्ये आहे, त्याचा पत्ता. तुझ्या नव्या आवृत्तीच्या इन्स्टॉलरने तो पत्ता वाचायचा आहे. वाचताना त्याला तीन गोष्टी सांगाव्या लागतात. कोणत्या कप्प्यात पाहायचे, कोणत्या नावाची नोंद पाहायची, आणि ती न मिळाल्यास काय धरून चालायचे. तिसरी गोष्ट सर्वांत घातक. नोंद सापडली नाही म्हणून इन्स्टॉलर कुरकुर करत नाही. आपण दिलेले ठरावीक मूल्य मुकाट्याने उचलतो आणि पुढे जातो.

मुख्य कप्पे दोन लक्षात ठेव. ‘लोकल मशीन’ हा यंत्राचा सामायिक कप्पा आणि ‘करंट यूझर’ हा वापरकर्त्याचा वैयक्तिक कप्पा. माझी नोंद वैयक्तिक कप्प्यात आहे. कप्प्याचे व नोंदीचे नेमके नाव मागील पानावर लिहिले आहे. तेवढे वाचलेस की काम झाले.

गुरुवारच्या वर्तमानपत्रात कोंडीबा अध्यक्षांशेजारी तुझा फोटो पाहिला. छान आला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत नवी आवृत्ती मी करून देईन असे मी त्यांना कळवले होते. पण त्यांना घाई असावी. तुझ्यासारखी विद्यार्थिनी मिळाल्यावर त्यांनी थांबावे तरी कशाला? सहज विचारते, प्रोग्रामच्या सुरुवातीच्या पडद्यावर कोणाचे नाव ठेवणार आहेस?

हे पत्र पेनड्राइव्हभोवती गुंडाळून प्रेमदासच्या जीपने सेनगावला पाठवत आहे. आपला वर्गातला नियम तुला आठवतच असेल: बिघाड फोनवर सांगायचा नाही, कागदावर लिहायचा. काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले.

तुझी,
दिपाली मॅडम


सेनगाव,
९ नोव्हेंबर २०२४

आदरणीय दिपाली मॅडम,
सविनय जय भीम.

आपले पत्र मी तीनदा वाचले. रजिस्ट्री इतकी सोपी करून मला कोणीच सांगितली नव्हती. आता नियमाप्रमाणे लिहिते.

काय केले: संघाच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर नवा इन्स्टॉलर चालवला. खाते नेहमीचे, ‘कार्यालय’ नावाचे. मागच्या पत्रात लिहिल्याप्रमाणे मध्येच अ‍ॅडमिनचा पासवर्ड विचारला जातो. तो ओमप्रकाशदादांनी येऊन टाकला. सगळ्या केंद्रांवरच्या यंत्रांची दुरुस्ती तेच करतात आणि व्हायरस आला तेव्हापासून सगळीकडचा पासवर्ड त्यांच्याकडेच आहे.

काय व्हायला हवे होते: इन्स्टॉलरने जुना पत्ता वाचून तेवीसशे सोळा जनावरांची नोंद दाखवायला हवी होती.

काय झाले: पडद्यावर शून्य जनावरे. नवा कोरा फोल्डर तयार झाला. इन्स्टॉलर म्हणतो, जुनी नोंद सापडली नाही. मग मी रजिस्ट्री उघडून पाहिली, तर आपण सांगितलेल्या कप्प्यात, सांगितलेल्या नावाने नोंद जागच्या जागी आहे! मला दिसते, त्याला दिसत नाही.

त्या वेळी नेमक्या भागूबाई आपल्या शेळीच्या कानातला बिल्ला नोंदवायला आल्या होत्या. पडद्याकडे बघून म्हणाल्या, “आगं माय, माह्या शेळ्या काहून दिसून न्हाई राहिल्या? सकाळी तर चरत होत्या!” ऑफिसातले सगळे हसले. कोंडीबा मात्र हसले नाहीत. म्हणाले, “हसता काय? कोणता बोकड कोणाच्या पोटचा, ह्ये त्या वहीत हाय. ती गेली तर बोकड त्याच्याच लेकीवर सोडू आमी. पोरी, दिपाली मॅडमच्या वक्ताला अशी तकलीफ कधी झाली न्हवती.”

जुनी माहिती तिच्या फोल्डरमध्ये सुखरूप आहे आणि जुना प्रोग्राम मी पुन्हा सुरू करून दिला आहे. इथला पत्ता मी हातानेही टाकला असता. पण केंद्रे सात, प्रत्येक ठिकाणी फोल्डर वेगळा. ८ डिसेंबरला संघाची सभा आहे. त्या दिवशी भागूबाईंनी स्वतः पेनड्राइव्ह लावून नवी आवृत्ती बसवून दाखवायची, आणि बसली तर ती सातही केंद्रांवर जाईल, असे ठरले आहे. नाही बसली तर माझे काम इथेच संपले.

मॅडम, माझे कुठे चुकते आहे?

आपली विद्यार्थिनी,
राणी


हिंगोली,
१३ नोव्हेंबर २०२४

चि. राणीस,
अनेक आशीर्वाद.

बिघाडाची नोंद तू उत्तम केली आहेस. डोळ्यांना दिसणारी नोंद इन्स्टॉलरला का दिसत नाही, हा प्रश्न भल्याभल्यांना पडतो. त्याचे एक प्रसिद्ध कारण सविस्तर सांगते.

आजचे विंडोज चौसष्ट बिटांचे आहे; बिट हे यंत्र एका दमात किती माहिती उचलते, त्याचे माप. माझा प्रोग्राम जुना, बत्तीस बिटांचा. जुन्या प्रोग्रामांनी नव्यांच्या नोंदींत ढवळाढवळ करू नये म्हणून विंडोज त्यांच्यासाठी एक वेगळा उपकप्पा राखते. गंमत अशी, की जुन्या प्रोग्रामला हे सांगितलेच जात नाही. तो मुख्य कप्पा मागतो आणि विंडोज त्याच्या हाती उपकप्पा देते. दोघांनाही वाटते, आपण एकाच जागी पाहत आहोत. त्यामुळे एकाने लिहिलेले दुसऱ्याला सापडत नाही. तुझा इन्स्टॉलर कोणत्या बाजूने वाचतो, हे एकदा तपास. दोन्ही बाजूंनी वाचून पाहा. इन्स्टॉलर प्रत्येक वेळी नव्याने बांध, प्रत्येक प्रयोगाला क्रमांक दे, आणि एका वेळी एकच बदल कर. या कामाला आठवडा लागेल, लागू दे. शास्त्रात घाई नको.

कोंडीबांचा मला परवा फोन आला होता. म्हणाले, “मॅडम, तुमची जुनीच वही चालू ठिवावी का? पोरगी हुशार हाय, पन जमून न्हाई राहिलं तिला.” मी म्हटले, तिला वेळ द्या. यापेक्षा अधिक मी काय बोलणार?

सुरुवातीच्या पडद्याविषयी तू काही लिहिले नाहीस.

तुझी,
दिपाली मॅडम


सेनगाव,
२१ नोव्हेंबर २०२४

आदरणीय मॅडम,
जय भीम.

काय केले: दोन्ही बाजूंनी वाचणारे अकरा इन्स्टॉलर बांधले, क्रमांकासह. काय व्हायला हवे होते: ते आपल्याला माहीत आहे. काय झाले: शून्य जनावरे, अकरा वेळा. ओमप्रकाशदादा पासवर्ड टाकून टाकून वैतागले. “ताई, माझं दुकान बंद पाडून राहिल्या तुमी,” म्हणाले.

कोंडीबा आता मला काही विचारत नाहीत. विचारले असते तर बरे वाटले असते. भागूबाई बोलतात तेवढ्या. काल म्हणाल्या, “पोरी, मॅडमला बोलावून घे ना. येतेत त्या. मायाळू हायेत.” मॅडम, मला त्याचा किती राग आला, हे मी आपल्याला लिहू नये, पण लिहिते. या ऑफिसात मी सहा महिने बसते आहे. माझ्या खुर्चीला मॅडमची खुर्ची म्हणतात. प्रोग्रामला मॅडमची वही म्हणतात. बिल्ल्याचा क्रमांक मी लिहिला, तरी मॅडमसारखा सात काढला म्हणतात. रोज कामाला बसले की पहिल्या मिनिटाला माझा हात चुकतो, आणि तेव्हाही आपलीच आठवण काढली जाते. का, ते नंतर कधी सांगेन.

सुरुवातीच्या पडद्याविषयीही नंतरच.

सतरा दिवस उरले आहेत.

राणी


हिंगोली,
२ डिसेंबर २०२४

राणी,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहीत आहे. आधीची तीन प्रेमदासच्या हाती देण्यापूर्वी फाडली, कारण त्या तिन्हींत मी तुला आणखी काहीतरी शिकवत होते.

तुझे कुठे चुकले, हे तू विचारलेस. तुझे चुकले नाही. माझ्या पहिल्या पत्रात एक ओळ कमी होती, आणि ती विसरून राहिलेली नव्हती. तू त्याआधीच्या पत्रात पासवर्डचे लिहिलेस, तेव्हाच पुढे काय होणार हे मला कळले होते.

ती ओळ अशी. ‘करंट यूझर’ हे नाव ऐकून वाटते, की कॉम्प्युटरसमोर जो बसला आहे, त्याचा हा कप्पा. तसे नाही. तो प्रोग्राम ज्याच्या अधिकाराने चालू झाला, त्याचा तो कप्पा. तुझा इन्स्टॉलर ‘कार्यालय’ खात्यात सुरू होतो. पण ओमप्रकाशने पासवर्ड टाकला, त्या क्षणापासून तो ओमप्रकाशच्या नावाने चालतो. मग तो ओमप्रकाशचा वैयक्तिक कप्पा उघडतो. तिथे शेळ्या-मेंढ्यांचे काहीच नाही. तू रजिस्ट्री उघडतेस ती ‘कार्यालय’ म्हणून. म्हणून तुला नोंद दिसते. माझ्या वेळी ‘कार्यालय’ हेच अ‍ॅडमिन खाते होते. पासवर्ड दुसऱ्याचा लागत नसे, म्हणून अडचण कधी आली नाही. कोंडीबा त्याला माझी हुशारी समजतात.

बत्तीस आणि चौसष्ट बिटांचे जे लिहिले, ते खरे आहे. पण तो भेद सामायिक कप्प्यात लागू होतो. आपली नोंद वैयक्तिक कप्प्यात आहे, तिथे तो लागतच नाही, हेही मला ठाऊक होते. अकरा इन्स्टॉलर मी तुझ्याकडून व्यर्थ बांधून घेतले.

का, ते सांगते. वर्गात तू पहिल्या बाकावर बसून माझे वाक्य पूर्ण व्हायच्या आत वहीत उतरवायचीस, तेव्हा मला अभिमान वाटायचा. वर्तमानपत्रात तुझा फोटो पाहिला, तेव्हा तुझा हेवा वाटला. त्या खोलीत, त्या कॉम्प्युटरसमोर मी दोन उन्हाळे घालवले होते. पंख्याखाली बसून एकेका शेळीची आई कोण, हे भागूबाईंच्या तोंडून ऐकून टिपले होते. मला वाटले, आता तिथे माझे काहीच उरणार नाही. कोंडीबांचा फोन आला, त्या दिवशी मी वर्गात फार छान शिकवले.

उपाय: इन्स्टॉलरचे दोन टप्पे कर. पहिला टप्पा पासवर्ड न मागता चालू दे. तो ‘कार्यालय’ म्हणूनच चालेल. त्यात पत्ता वाच. मग दुसऱ्या टप्प्यात पासवर्ड माग, आणि वाचलेला पत्ता सामायिक कप्प्यात लिहून ठेव. पुढे कोणीही पासवर्ड टाकला तरी तो सापडेल. आणि नोंद मिळाली नाही, तर कोरा फोल्डर धरून चालू नकोस; इन्स्टॉलरने थांबून विचारले पाहिजे.

सभेला सहा दिवस आहेत. तुला वेळेत जमेल.

दिपाली


सेनगाव,
५ डिसेंबर २०२४

आदरणीय मॅडम,
जय भीम.

आपले पत्र काल मिळाले. राग आला. जीपपाशीच वाचले. प्रेमदासदादा म्हणाले, “काय ताई, कोनाची तब्येत बिघडली का?” मी म्हटले, व्हय. एका शब्दावर मी रात्रभर अडून होते, तो शब्द म्हणजे ‘व्यर्थ’. आज शांत होऊन लिहिते.

काय केले, तिथून सुरुवात करते. ती ओळ मला ३० नोव्हेंबरलाच सापडली होती, आपले पत्र यायच्या आधी. ती मला आपणच दाखवलीत, पण पत्रातून नव्हे.

नंतर सांगेन म्हटले होते, ते आता सांगते. मॅडम, आपण डावखुऱ्या. आपण इथे बसायचात, तेव्हा माउसची बटणे उलटी करून घेतली होतीत. ती उलटीच राहिली. आपण इथल्या सगळ्यांना कॉम्प्युटर शिकवलात आणि त्यांना वाटले, माउस असाच असतो. आठ वर्षे या ऑफिसात प्रत्येक माणूस उजवे बटण दाबून कामे करतो. माउस मात्र उजव्याच हातात! मी पहिल्या दिवशी डावे दाबले, तर भागूबाई म्हणाल्या, “आगं ये, डावं कशाला दाबतीस? शिकून आलीस ना?” मी सेटिंग बदलायला गेले, तर कोंडीबांनी हात धरला. “न्हाई पोरी. लेकरांचे हात बसलेत. मॅडमनी लावलं ते ऱ्हाऊ दे बराबर.” सहा महिने मी उलट्या बटणांवर काम केले. एकेक क्लिक मला सांगायची, की ही जागा तुझी नाही.

३० तारखेला ओमप्रकाशदादांकडून पासवर्ड टाकून घेऊन त्यांच्या खात्यात शिरले. तिथे रजिस्ट्री पाहायची होती. दिवसभराच्या सवयीने उजवे बटण दाबले. फोल्डर उघडायच्या ऐवजी यादी खाली पडली. मी थबकले. यंत्र तेच, माउस तोच, मेज तेच. बटणे सरळ कशी झाली? मग कळले, की आपला डावा हात ‘कार्यालय’च्या कप्प्यात आहे, ओमप्रकाशदादांच्या कप्प्यात नाही. रजिस्ट्रीत पाहिले: माउसच्या उपकप्प्यात बटणे उलटण्याची नोंद, तिकडे एक, इकडे शून्य. आणि लगेच पुढचा प्रश्न पडला: पासवर्ड टाकल्यावर इन्स्टॉलर कोणाचा कप्पा उघडतो?

इन्स्टॉलर दोन टप्प्यांचा केला आहे. तेवीसशे सोळा जनावरे दिसली. भागूबाईंनी आपली एकेक शेळी पाहिली आणि म्हणाल्या, “ही मेली मागच्या साली, पन दिसली तर बरं वाटलं.” आपण सांगितलेले थांबून विचारणे मी केले नव्हते. ते आज घातले. चांगली सूचना आहे.

आता पडदा. आपले नाव मी काढले होते. जागा पुरत नव्हती म्हणून नव्हे. पहिल्याच आठवड्यात, ऑफिसात कोणी नसताना काढले आणि त्या जागी माझे लिहिले. मग आपल्याकडे मदत मागितली. आपण विचारत राहिलात आणि मी टाळत राहिले. आपण माझ्यापासून एक ओळ लपवलीत; मी आपली एक ओळ पुसली. कोणाचे वजन जास्त, हे मला ठरवता आलेले नाही. आपले नाव मी अजून परत लिहिलेले नाही. लिहीन की नाही, तेही माहीत नाही.

राणी


हिंगोली,
१० डिसेंबर २०२४

प्रिय राणी,

कोंडीबांचा फोन आला. भागूबाईंनी पेनड्राइव्ह लावला, तीनदा ‘पुढे’ दाबले, मध्ये ओमप्रकाशकडून पासवर्ड टाकून घेतला आणि सभेसमोर साऱ्या शेळ्या उभ्या केल्या, असे म्हणाले. कनेरगाव नाक्याच्या केंद्रापासून सुरुवात आहे, मग नरसी. नंतर म्हणाले, “मॅडम, आता राणीची वही म्हनावं लागंल.” मी म्हटले, हो. हेवा गेला असे लिहिले, तर ती खोटी नोंद होईल. तो आहे. कुठल्या कप्प्यात आहे, तेवढे मला आता ठाऊक आहे.

पडद्याचे तू ठरव. मी पुन्हा विचारणार नाही. तिथे माझे नाव उरते का, हे मी शोधत होते, आणि उरला होता माझा हात. तुझ्या पत्रातला तो परिच्छेद वाचताना मी माझ्या डाव्या हाताकडे पाहत होते.

तू केंद्रांसाठी माहितीपुस्तिका लिहीत आहेस, असे प्रेमदास म्हणाला. तिच्या शेवटच्या पानासाठी एक प्रयोग पाठवते. त्याला रजिस्ट्री उघडावी लागत नाही, काही बिघडत नाही, आणि भागूबाईंनाही करता येतो. आवडला तर घाल.

ज्या कॉम्प्युटरवर दोन माणसांची दोन खाती आहेत, असा एक घ्या. एका खात्यात जा. सेटिंगमध्ये माउस शोधा आणि मुख्य बटण डाव्याचे उजवे करा. दोन-चार फोल्डर उघडून पाहा. हात चुकेल, हसू येईल. आता त्या खात्यातून बाहेर पडा आणि दुसऱ्या खात्यात शिरा. माउस तोच आहे, जागचा हललेला नाही. कोणत्याही फोल्डरवर माउसचा बाण न्या आणि डावे बटण दाबा. नेहमीसारखे चालले, तर समजा की तुम्ही दुसऱ्याच्या कप्प्यात उभे आहात, आणि पहिल्याने काय ठेवले आहे ते तुम्हाला इथून दिसणार नाही. मग परत पहिल्या खात्यात जा, आणि उजवे दाबून पाहा.

दिपाली